झायलिटॉल घरात आणण्याआधी आणि आणल्यावर

सासूबाईंना शुगर निघाली त्याला आता सहा वर्षं झाली. तेव्हापासून नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या स्वयंपाकघरात साखरेच्या जागी काय काय येऊन गेलं: गोळ्या, थेंब, पुड्या, 'शुगर फ्री' बर्फीचे डबे. त्यातलं झायलिटॉल टिकलं. पण मी ते ज्या हिशेबानं आणलं होतं, तो हिशेब पहिल्या महिन्यातच चुकला. साखर जेवढी पडायची तेवढंच झायलिटॉल घालायचं आणि निश्चिंत व्हायचं, असं मला वाटलं होतं. तसं होत नाही. थोडं, मोजून आणि वेळ पाहून घेतलं तर ते खूप कामाचं आहे. हात सैल सोडला की पोट बिघडवतं, आणि घरात कुत्रा असेल तर त्याचा जीवही घेऊ शकतं. म्हणून ओळीनं सांगते, कुठून सुरुवात करायची ते.

आधी हे आहे काय?

दिसायला पांढरी, बारीक खडीची साखरच. गोडीही साखरेएवढीच, म्हणून चमच्याला चमचा बदलता येतो. रसायनशास्त्रात याला साखर-अल्कोहोल म्हणतात, पण यात नशेचं काही नसतं. नावावरून दारूशी संबंध लावून आमच्या काकूंनी एकादशीला चहा परत केला होता, म्हणून मुद्दाम लिहिते. फ्लॉवर, आलुबुखारा, स्ट्रॉबेरी यांत ते किंचित असतं. आपलं यकृतही रोजच्या कामकाजात 5 ते 15 ग्रॅम झायलिटॉल तयार करतं आणि वापरून टाकतं. बाजारात मिळणारं मात्र भुट्ट्याच्या बोंडातून किंवा बर्चसारख्या झाडांच्या लाकडातून काढलेलं असतं. त्यातलं झायलान हे तंतुद्रव्य तोडून झायलोज ही साखर मिळवतात आणि तिच्यावर हायड्रोजनची प्रक्रिया करतात. 1890 च्या सुमारास जर्मनीत एमिल फिशर यांच्या प्रयोगशाळेत ते पहिल्यांदा हाती आलं. दुसऱ्या महायुद्धात फिनलंडमध्ये साखरेचा तुटवडा पडला तेव्हा त्याच्याकडे लक्ष गेलं. पाकिटावर 'नैसर्गिक' लिहिलेलं असतं ते या झाडापानांच्या मुळामुळे. तुमच्या हातात येणारी पूड कारखान्यातूनच येते. त्यात वाईट काही नाही, फक्त 'नैसर्गिक' या शब्दासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

साखरेच्या एका ग्रॅममध्ये 4 कॅलरी, झायलिटॉलच्या एका ग्रॅममध्ये 2.4. म्हणजे कॅलरी शून्य नाहीत, साधारण चाळीस टक्के कमी आहेत. रक्तातली साखर चढवण्याचा वेग, म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स, साखरेचा 65 च्या आसपास, तर याचा 7 ते 13.

पहिली पायरी: कशासाठी हवं ते ठरवा

हे आधी ठरलं नाही तर पुढचं सगळं गोंधळात जातं. दातांसाठी हवं असेल तर दिवसाला पाच-सहा ग्रॅम पुरतात आणि ती मात्रा जवळजवळ सगळ्यांना झेपते. शुगर आहे म्हणून चहातली साखर बदलायची असेल तर मोजमाप वेगळं. आणि फक्त वजन उतरवायचं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: झायलिटॉल विकत घेऊ नका, चहातला अर्धा चमचा कमी करा. साखरेच्या कितीतरी पट महाग वस्तू आणून कॅलरी निम्म्यानंही घटत नाहीत. त्यात 'ही साखर नाही ना' म्हणून माणूस दुसरा कप घेतो.

घरातल्या एखाद्याला हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास असेल, तर डबा विकत घेण्याआधी या लेखातला हृदयाचा भाग वाचा. ज्यांचं पोट मुळातच नाजूक आहे, वारंवार वात धरतो, आव पडते किंवा डॉक्टरांनी आयबीएस सांगितलेलं आहे, त्यांनी चमच्यानं झायलिटॉल घेण्याच्या फंदात पडू नये.

दुसरी पायरी: पाकिटाची मागची बाजू

पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात काहीही लिहिलेलं असू शकतं, खरी यादी मागे असते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापतात: जे सगळ्यात जास्त, ते सगळ्यात आधी. झायलिटॉलचा क्रमांक 967. 420 दिसला तर सॉर्बिटॉल, 965 म्हणजे माल्टिटॉल, 968 म्हणजे इरिथ्रिटॉल, 955 सुक्रालोज, 960 स्टीव्हिया. हे आकडे कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा, मी तेच करते.

इतवारीत किंवा सीताबर्डीवर 'झायलिटॉलयुक्त' म्हणून मिळणाऱ्या कित्येक च्युइंगगमांत आधी सॉर्बिटॉल असतं आणि झायलिटॉल शेपटाला. दातांसाठी घेत असाल तर ते पहिल्या नंबरावर हवं. माल्टिटॉलबद्दल विशेष सावध राहा, कारण ते झायलिटॉलपेक्षा रक्तातली साखर बरंच जास्त चढवतं आणि 'शुगर फ्री' चॉकलेटांत सर्रास असतं. मिठाईच्या दुकानातल्या 'शुगर फ्री' बर्फीत खवा असतोच, काजूकतलीत काजू असतातच. साखर नाही याचा अर्थ कॅलरी नाहीत असा होत नाही, आणि बालूशाहीतला मैदा तर रक्तात जाऊन साखरच होतो.

नुसती पूड घेताना घटकांत एकच नाव असावं. मिश्रणं टाळा, नाहीतर त्रास झाला तर कशानं झाला ते कळत नाही.

तिसरी पायरी: पोटाची सवय, आणि आमच्या श्रीखंडाची गोष्ट

पहिल्या वर्षीच्या पाडव्याला मी एक किलो चक्क्यात 400 ग्रॅम झायलिटॉल फेटून श्रीखंड केलं. केशर, वेलची, चारोळी, सगळं जिथल्या तिथं. जेवायला बारा जण. चव इतकी छान जमली की कुणाला फरक कळला नाही, भाच्यानं तर तीनदा वाढून घेतलं. चार वाजल्यापासून घरातल्या एकुलत्या एका संडासासमोर रांग लागली. पोटात गुडगुड, वात, जुलाब. भाचा रात्रीपर्यंत झोपूनच होता. मला वाटलं चक्का खराब निघाला. नंतर कागदावर भागाकार केला: 400 भागिले 12, म्हणजे माणशी तेहतीस ग्रॅम. भाच्याच्या पोटात त्याच्या दुपटीनं गेलं असेल. तिथंच सगळं उत्तर होतं.

झायलिटॉलचा बराच भाग लहान आतड्यात शोषला जात नाही. तो तसाच मोठ्या आतड्यात उतरतो, स्वतःबरोबर पाणी खेचून घेतो, आणि तिथले जिवाणू त्याला आंबवून वायू तयार करतात. एका वेळी 20 ते 30 ग्रॅम गेलं की पुष्कळ मोठ्या माणसांना जुलाब होतात. लहान मुलांना त्याहून कमी मात्रेत. काही पाकिटांवर जुलाब होऊ शकतात अशी सूचना बारीक अक्षरात छापलेली असते, ती याचसाठी.

म्हणून असं करा. सपाट भरलेला चहाचा चमचा म्हणजे साधारण 4 ग्रॅम. पहिला आठवडा दिवसातून एकच चमचा, तोही खाण्याबरोबर. उपाशीपोटी सरबतात घेतलेलं जास्त बाधतं, जेवणासोबतचं कमी. त्रास नसेल तर तीन-चार दिवसांनी एक चमचा वाढवा. एका वेळी दोन चमच्यांच्या वर जाऊ नका आणि दिवसभरात पाच चमच्यांवर थांबा. आता आपल्याकडचा हिशेब पाहा: चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे 32 ग्रॅम. सोमवारी सकाळी साखरेचा डबा उचलून तिथं झायलिटॉल ठेवलं, तर मंगळवारपर्यंत घर त्याच्या नावानं बोटं मोडेल. काही पोटांना आठवडा-दोन आठवड्यांत सवय होते, काहींना होत नाही. आमचे धाकटे दीर दुसऱ्या चमच्यालाच थांबले, आम्हीही आग्रह सोडला.

चौथी पायरी: शुगर असलेल्यांनी स्वतःचं मोजून पाहावं

पुस्तकातला आकडा आणि तुमच्या बोटातलं रक्त, यात रक्तावर विश्वास ठेवा. घरी ग्लुकोमीटर असेल तर एका सकाळी उपाशीपोटी मोजा. मग कोऱ्या चहात दोन चमचे झायलिटॉल घालून प्या आणि एक तासानं, दोन तासांनी पुन्हा मोजा. चहा कोराच हवा, कारण दुधात त्याची स्वतःची साखर असते आणि मग कशानं वाढलं ते समजत नाही. सकाळची औषधं असतील तर हा प्रयोग कधी आणि कसा करायचा ते आधी डॉक्टरांना विचारा.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना खाण्यातली खरी साखर एकदम काढली, तर शुगर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. मेडिकलला (इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा धंतोलीतल्या दवाखान्यात, जिथं तुमचं दाखवणं चालू असेल, तिथं हा बदल सांगूनच करा.

आणि आता जे लिहिते आहे ते घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. शुगर 70 च्या खाली गेली, घाम फुटला, हात थरथरले, बोलणं अडखळलं, तर झायलिटॉल घातलेलं सरबत उपयोगाचं नाही. ते गोड लागतं, पण रक्तातली साखर पुरेशी चढवत नाही. त्या क्षणी खरी साखर किंवा ग्लुकोजच हवं: चार सपाट चमचे, म्हणजे साधारण 15 ग्रॅम, पाण्यात विरघळवून. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही, सरळ दवाखाना. एकदा रात्री अकराला सासूबाईंना घाम सुटला आणि मुलीनं घाईत हाताशी आला तो डबा उघडला. सुदैवानं मी जागी होते. तेव्हापासून खरी साखर लाल झाकणाच्या बरणीत फ्रीजवर, आणि झायलिटॉल वरच्या फळीवर, जाड अक्षरात नाव लिहून. तुम्हीही आजच असं वेगळं ठेवा.

पाचवी पायरी: स्वयंपाकघरात कुठं चालतं

झायलिटॉल विरघळताना उष्णता ओढून घेतं, म्हणून जिभेवर गार लागतं. मी पहिल्यांदा कैरीचं पन्हं केलं तेव्हा सासूबाई घोट घेऊन थांबल्या, "काय वं, पुदिना टाकला का याच्यात? जिभेले थंड लागून राहिलं." पूड पूर्ण विरघळली नव्हती, तळाशी खडे होते. पंचेचाळीस डिग्रीच्या नागपुरी उन्हातून आल्यावर हा गारवा बराच सुखावतो. पण पन्ह्याच्या एका पेल्यात एरवी पंधरा-वीस ग्रॅम गोड सहज जातं, आणि तेही रिकाम्या पोटी. मी पेला लहान केला, एकच चमचा झायलिटॉल घालते आणि जिरेपूड, काळं मीठ थोडं वाढवते. कैरी आंबट निघाली तर आंबट पितो.

चहा-कॉफीत बिनधास्त चालतं, गरम चहात गारवा कळतही नाही. शेवयांची खीर, साबुदाण्याची खीर, दहीसाखर, रवा भाजून केलेला शिरा, यांत साखरेसारखंच मिसळतं. ते शिजवलं तरी बिघडत नाही.

पाक मात्र विसरा. झायलिटॉल साखरेसारखं कॅरामल होत नाही, तांबूस रंग धरत नाही, खमंगपणा येत नाही. गोळीबंद पाकाची चिक्की किंवा संक्रांतीचे तिळाचे लाडू यात बांधायला जाल तर हाताशी काही लागत नाही. गुलाबजामचा दाट पाक गार झाला की पुन्हा खडे धरतो आणि दाताखाली कचकचतो. संत्रा बर्फीचा मी दोनदा प्रयत्न केला. खवा आणि संत्र्याचा गर चांगला आटवलेला, पण पोत यायचा तो आलाच नाही, वड्या रवाळ पडल्या. आता संत्रा बर्फी खायची असेल तेव्हा आम्ही खरीच आणतो, एक वडी चौघांत.

यीस्ट झायलिटॉल खात नाही, म्हणून पाव किंवा नानाचं पीठ फुगायला त्याची मदत होत नाही. तिथं चिमूटभर खरी साखर घातलेली बरी. पुरणात ते चालेल असं वाटतं, पण एका पुरणपोळीत पंचवीस-तीस ग्रॅम गूळ सहज जातो. तेवढं झायलिटॉल म्हणजे पुन्हा पाडव्याचंच श्रीखंड. महालक्ष्म्यांच्या जेवणात तर बाहेरची माणसं असतात, त्यांना न सांगता झायलिटॉलचं काही वाढू नका.

साठवणीबद्दल एवढंच: पावसाळ्यात ओल धरून गठ्ठे होतात, घट्ट झाकणाची काचेची बरणी हवी.

दातांचं काम

माझ्या मते झायलिटॉलचा सगळ्यात भरवशाचा उपयोग हाच. दात किडवणारा स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जिवाणू साखर खाऊन आम्ल सोडतो आणि ते आम्ल दाताचं कवच विरघळवतं. झायलिटॉल तो आत घेतो, पण त्यातून त्याला ना शक्ती मिळते ना आम्ल तयार करता येतं. शिवाय चघळल्यानं लाळ सुटते. 1970 च्या दशकात फिनलंडमधल्या तुर्कू शहरात दोन वर्षं लोकांना साखर, फ्रुक्टोज किंवा झायलिटॉल घातलेलं खाणं देऊन दात तपासले गेले आणि झायलिटॉलवाल्या गटात कीड फारच कमी निघाली. नंतरच्या अभ्यासांनी हा उत्साह जरा खाली आणला. 2015 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं सगळे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा एवढं दिसलं: फ्लोराइडच्या पेस्टमध्ये झायलिटॉल असेल तर मुलांच्या दातांची कीड नुसत्या फ्लोराइडपेक्षा सुमारे 13 टक्क्यांनी कमी होऊ शकते, आणि हा पुरावाही फार पक्का नाही. म्हणजे मुख्य काम फ्लोराइडची पेस्ट आणि रात्रीचं ब्रश करणं हेच करतात, झायलिटॉल जोडीला.

वापरायचं असं: दिवसभरात एकूण पाच-सहा ग्रॅम, तीन वेळा विभागून, खाल्ल्यानंतर लगेच. एका गमच्या तुकड्यात बरेचदा एक ग्रॅम किंवा त्याहूनही कमी असतं, तेव्हा पाकीट वाचून तुकडे मोजा. गम पाच मिनिटं चघळून टाकून द्या. अगदी लहान मुलांना गम देऊ नका, घशात अडकतं.

एक गोष्ट नागपूरकर म्हणून लिहावीच लागते. सुपारी-तंबाखूचा खर्रा सोडण्यासाठी गम चघळत असाल तर जरूर चघळा, फार चांगलं करताय. पण खर्रा चालू ठेवून वरून झायलिटॉलचा गम चघळल्यानं सुपारी-तंबाखूनं होणारं नुकसान एक कणही कमी होत नाही. तोंड पूर्ण उघडत नसेल, गालात पांढरा चट्टा दिसत असेल, तिखट झोंबत असेल, तर मेडिकलच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय गाठा. उद्यावर टाकू नका.

हृदयाबद्दलची बातमी

जून 2024 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या स्टॅनली हेझन यांच्या गटाचा अभ्यास युरोपियन हार्ट जर्नलमध्ये आला आणि सगळ्या कुटुंबांच्या व्हॉट्सॅपवर 'झायलिटॉल म्हणजे विष' असा निरोप फिरला. प्रत्यक्षात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पहिली: हृदयाच्या तपासणीसाठी आलेल्या लोकांच्या रक्तात झायलिटॉल किती आहे ते मोजलं. सगळ्यात जास्त प्रमाण असलेल्या एक-तृतीयांश लोकांत पुढच्या तीन वर्षांत झटका, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका सगळ्यात कमी प्रमाण असलेल्या एक-तृतीयांश लोकांपेक्षा 57 टक्क्यांनी जास्त दिसला. पण हे रक्त उपाशीपोटीचं होतं आणि शरीर स्वतःही झायलिटॉल बनवतं. तेव्हा हे लोक ते खात होते म्हणून धोका वाढला, असं यावरून सिद्ध होत नाही. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: दहा निरोगी माणसांना 30 ग्रॅम झायलिटॉल पाण्यातून दिलं. अर्ध्या तासात रक्तातलं प्रमाण हजारपट चढलं आणि गुठळी बनवणाऱ्या प्लेटलेट पेशी जास्त चटकन प्रतिसाद देऊ लागल्या. चार ते सहा तासांत प्रमाण पूर्ववत झालं.

दहा माणसं म्हणजे फार थोडी, आणि त्यांना झटका आला असं काही झालेलं नाही. तरी 30 ग्रॅम ही मात्रा काही अचाट नाही, आमच्या पाडव्याच्या वाटीत तेवढंच होतं. मी त्यावरून घरापुरता निर्णय घेतला: सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, त्यांच्या चहात झायलिटॉल नाही. ते अर्धा चमचा साखर घेतात, डॉक्टरांना विचारून. टूथपेस्टमधलं चालतं, ती मात्रा अगदीच बारीक. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर असल्या बातम्या वाचून त्या स्वतःहून बंद किंवा कमी-जास्त करू नका.

जागतिक आरोग्य संघटनेनं मे 2023 मध्ये वजन कमी करण्यासाठी सुक्रालोज, स्टीव्हियासारखी बिनसाखरेची गोडी वापरू नका असं सांगितलं, तेही याच चर्चेत ओढलं जातं. त्या सूचनेत झायलिटॉलसारखी साखर-अल्कोहोलं धरलेलीच नव्हती.

कुत्रा असेल तर

आमच्याकडे मोती आहे, बारा किलोचा गावठी कुत्रा, आणि माणसांच्या ताटातलं सगळं त्याला हवं असतं. माणसाच्या शरीरात झायलिटॉलमुळे इन्सुलिन फारसं सुटत नाही. कुत्र्याच्या शरीरात ते झपाट्यानं सुटतं आणि रक्तातली साखर कोसळते. वजनाच्या दर किलोला 0.1 ग्रॅम एवढ्यानंही हे होऊ शकतं, आणि किलोला अर्ध्या ग्रॅमच्या वर गेलं तर यकृत निकामी होण्याची भीती असते. मोतीच्या बाबतीत म्हणजे पाव-अर्धा चमचा धोक्याचा आणि दीड चमचा जीवघेणा.

त्यामुळे चहाच्या कपाचा तळ, खिरीचं पातेलं, चघळून टाकलेला गम, टूथपेस्ट, पर्समधलं गमचं पाकीट, यातलं काही त्याच्या तोंडाजवळ येता कामा नये. गल्लीतल्या कुत्र्यांना उरलेलं गोड टाकायची आपल्याकडे सवय आहे, झायलिटॉलचं काही असेल तर ते कचऱ्यात, झाकण असलेल्या डब्यात.

खाल्लं असा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट पाहू नका. अर्ध्या-एक तासात उलटी, लटपटणं, मलूल पडणं, झटके असं सुरू होतं. गम खाल्ला असेल तर काही तासांनीही होतं. पाकीट सोबत घ्या, किती गेलं असेल आणि किती वाजता ते सांगा, आणि जवळचा पशुवैद्य गाठा. सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घरी मीठपाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. तुमच्या नेहमीच्या पशुवैद्याचा नंबर आणि रात्री उघडा असणाऱ्या दवाखान्याचा नंबर, दोन्ही झायलिटॉलच्या बरणीवरच चिकटवून ठेवा.